दत्तक गेलेल्या मुलाच्या भेटीसाठी इंग्लंडच्या फॅमिली कोर्टात अर्ज कसा करायचा

"नातू दत्तक गेला, म्हणजे नेमका कुठे गेला?"

लेस्टरमधल्या एका आजींनी मला हा प्रश्न विचारला होता. त्यांच्या माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या गावात, दत्तक म्हणजे चुलत्याच्या घरी गेलेलं मूल. आडनाव तेच, अंगणही बहुतेक तेच. कागदावर आई बदलते, पण जन्म दिलेली आई लग्नात अक्षता टाकायला पुढे असते. इंग्लंडमध्ये त्यांच्या मुलीचं बाळ कोर्टाच्या हुकमाने दत्तक गेलं. त्यानंतर आजींना ना पत्ता मिळाला, ना नवं नाव, ना फोटो. कायद्याच्या भाषेत ते मूल आता दुसऱ्यांच्या पोटी जन्मल्यासारखं झालं होतं.

गेली काही वर्षं मी इथल्या मराठी कुटुंबांसोबत कौन्सिलच्या (मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या) बैठकांना, सॉलिसिटरकडे आणि कोर्टात जाते. मी वकील नाही. पण तीच ती गैरसमजांची भिंत इतक्यांदा पाहिली आहे की हे सगळं मराठीत एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. हा लेख फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिथल्यांनी तिथल्याच सल्लागाराला विचारावं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. "माझा नातवावर काय हक्क आहे?" हा प्रश्न इथलं कोर्ट सोडवत नाही. "या मुलाला तुमची गरज आहे का, आणि तुमच्या येण्याने त्याचं नवं घर हलणार तर नाही ना?" एवढंच ते पाहतं. अर्जातलं प्रत्येक वाक्य या प्रश्नाचं उत्तर असायला हवं.

पायरी पहिली: तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात?

माझ्याकडे आलेल्या दहा जणांपैकी सात-आठ जणांना आपलं प्रकरण कुठे पोचलंय हेच माहीत नसतं. "कोर्टाने मूल घेतलं" एवढंच ते सांगतात. घरात असतील ते सगळे कागद काढा आणि प्रत्येक हुकमावरची तारीख आणि नाव बघा.

केअर प्रोसीडिंग्ज चालू असतील, म्हणजे मूल कौन्सिलच्या ताब्यात राहावं का हे अजून ठरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच सोशल वर्करला ईमेल करा. या प्रकरणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची मुदत घातली आहे आणि ती फार भरभर सरते. आजी-आजोबा, मावशी, काका यांपैकी कोणी मुलाला सांभाळायला तयार असेल तर ते लेखी आणि तारखेसह कळवा. भारतात राहणाऱ्या नातेवाइकांचाही विचार होऊ शकतो, पण कोणी सांगितलंच नाही तर कोर्ट तुम्हाला शोधत फिरणार नाही. मुलाला दत्तक न देता नातेवाइकाकडे कायमचं सोपवायचं असेल तर स्पेशल गार्डियनशिप नावाचा हुकूम असतो. त्यात आई-वडिलांचं नातं पुसलं जात नाही. हे सगळं दत्तकाच्या आधीच होऊ शकतं, नंतर नाही. "पोरीची अब्रू जाईल" म्हणून घरातली मोठी माणसं गप्प बसली आणि २६ आठवडे निघून गेले, असं मी पाहिलं आहे. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

या काळात आई-वडिलांच्या भेटी १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम ३४ खाली चालतात.

पुढचा टप्पा प्लेसमेंट ऑर्डरचा. या हुकमाने मुलाला दत्तक आईवडिलांकडे ठेवायची परवानगी कौन्सिलला मिळते. त्या दिवसापासून कलम ३४च्या भेटी संपतात आणि २००२च्या ॲडॉप्शन अँड चिल्ड्रन ॲक्टचं कलम २६ लागू होतं. भेटीचा हुकूम मागायला ही जागा खूप महत्त्वाची आहे. प्लेसमेंट ऑर्डर देण्याआधी संपर्काबद्दल विचार करायचा आणि पक्षकारांचं म्हणणं विचारायचं, हे कोर्टावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे तुमच्या किंवा मुलीच्या वकिलाला आधीच सांगून ठेवा: "संपर्काचा मुद्दा लिहून घ्या, नुसतं लेटरबॉक्स (म्हणजे संस्थेमार्फत पत्रांची देवाणघेवाण) म्हणून सोडून देऊ नका." या टप्प्यावर ठरलेली चौकट पुढे बरीच वर्षं टिकते. प्लेसमेंट ऑर्डरविरुद्ध अपील करायचं असेल तर मुदत सर्वसाधारणपणे फक्त २१ दिवसांची असते.

शेवटचा टप्पा दत्तकाच्या हुकमाचा. कौन्सिलने दत्तक आईवडिलांकडे ठेवलेलं मूल त्यांच्याजवळ किमान १० आठवडे राहिल्याशिवाय हा हुकूम होत नाही. तो देण्याआधीही मुलाच्या संपर्काबद्दल काय ठरलंय हे कोर्टाला पाहावंच लागतं. हुकूम झाला की जन्मदात्यांची पालक म्हणून असलेली सगळी कायदेशीर जबाबदारी संपते. त्यानंतर भेटीसाठी त्याच २००२च्या कायद्याचं कलम ५१ए. हे कलम २०१४च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने आणलं आणि एप्रिल २०१४पासून ते लागू आहे. इथून पुढे लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

मधली एक फांदी: सावत्र वडिलांनी दत्तक घेतलं असेल तर

मराठी घरांत ही गोष्ट वेगळ्या वाटेनेही येते. मुलगा गेला, सुनेने पुन्हा लग्न केलं, नव्या नवऱ्याने नातवाला रीतसर दत्तक घेतलं आणि येणं-जाणं बंद झालं. यात कौन्सिल किंवा दत्तकसंस्थेने मूल कोणाकडे ठेवलेलं नसतं, आणि कलम ५१ए फक्त संस्थेमार्फत झालेल्या दत्तकालाच लागू होतं. म्हणून तुमचा रस्ता चिल्ड्रन ॲक्टच्या कलम ८चा. आजी-आजोबांना तिथेही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मुख्य अर्ज सी१०० या फॉर्मवर आणि परवानगी सी२वर. त्याआधी बहुतेक वेळा मध्यस्थाबरोबरची एक माहितीची बैठक, जिला इथे मियाम म्हणतात, करावी लागते. माझ्या मते या प्रकरणांत कोर्टाआधी सुनेला स्वतःच्या हाताने एक पत्र लिहावं. जुना हिशेब त्यात काढू नये.

उलट, कौन्सिलमार्फत झालेल्या दत्तकासाठी सी१०० भरलात तर तो परत येईल. कलम ५१ए जिथे लागू होतं तिथे कलम ८खाली भेटीचा हुकूम देताच येत नाही. ही चूक सर्रास होते, कारण इंटरनेटवर "भेटीचा अर्ज" शोधला की आधी सी१००च समोर येतो.

पायरी दुसरी: लेटरबॉक्स आणि दत्तकसंस्था

कोर्टाकडे जाण्याआधी हे झालेलं असलं पाहिजे. लेटरबॉक्स म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा पत्राची देवाणघेवाण. तुमचं पत्र कौन्सिलच्या किंवा प्रादेशिक दत्तकसंस्थेच्या कार्यालयात जातं, तिथे वाचलं जातं, आणि मग दत्तक आईवडिलांकडे पोचतं. पत्ता कोणालाच कळत नाही. बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था समजुतीवर चालते, कायद्याने बांधलेली नसते. म्हणजे उत्तर आलं नाही तर सक्ती करता येत नाही. तरीही लिहीत राहा. न्यायाधीशांसमोर तुमचं पहिलं पान म्हणजे तुम्ही आजवर नियमाने पाठवलेली पत्रं.

त्या आजींची पहिली चिठ्ठी मी पाहिली होती. "बाळा, तुझ्याशिवाय आमच्या घरात दिवा लागत नाही. तुला आमच्यापासून हिरावून नेलं. आजी तुझी वाट बघतेय." प्रत्येक शब्द खरा होता. पण ती चिठ्ठी सात वर्षांच्या मुलाच्या हातात पडली तर त्याच्यावर केवढं ओझं! आजी रडते ती माझ्यामुळे, असं त्याला वाटेल. दत्तक आईला वाटेल, या बाई मुलाला परत मागतायत. संस्थेने ती पुढे पाठवली नाही, आणि मला ते पटलं.

मग आम्ही दोघींनी बसून नवी लिहिली:

"तू कसा आहेस? मला झाडं लावायला आवडतं. यंदा कुंडीत मिरच्या लावल्या, तीन लाल झाल्या. तू लहान असताना तुला गाजराचा हलवा फार आवडायचा, चमचा स्वतःच धरायचास. तुझ्या जन्माच्या दिवशी पाऊस पडत होता. तुला माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचार, नसेल तरी हरकत नाही."

ही चिठ्ठी पोचली. पत्र संस्थेला वाचता आलं पाहिजे म्हणून इंग्रजीत पाठवा. पण शेवटी एक ओळ मराठीत लिहा आणि तिचा अर्थ खाली द्या, आणि तसं करणार असल्याचं संस्थेला आधी सांगा. आपली लिपी कशी दिसते हे मुलाला एक दिवस पाहायला मिळेल. पत्रावर "आई" की "जन्म दिलेली आई", "आजी" की नाव, हेही संस्थेला विचारून ठरवा.

आणखी तीन कामं याच टप्प्यात उरका. संस्थेच्या पोस्ट-ॲडॉप्शन विभागाला लेखी विचारा की संपर्कासाठी मदत मिळेल का, आणि थेट भेटीबद्दल दत्तक आईवडिलांचं मत जाणून घेता येईल का. पुष्कळदा त्यांचा विरोध नसतो, फक्त भीती असते. घराण्यात मधुमेह, थॅलेसेमिया, हृदयविकार असं काही असेल तर ती माहिती संस्थेला द्या. ती मुलाच्या उपयोगाची आहे आणि तुम्ही त्याचा विचार करता हे त्यातून दिसतं. आणि सगळ्या पत्रव्यवहाराच्या प्रती एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. पोस्टाच्या पावत्यासुद्धा.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर मुलाला शोधू नका. पुतण्याला सांगून शोधायला लावू नका. मुलाच्या शाळेबाहेर उभं राहू नका. कलम ५१एखाली संपर्क घडवून आणायचा हुकूम मिळू शकतो तसाच संपर्काला बंदी घालणारा हुकूमही मिळू शकतो, आणि असं वागणं म्हणजे बंदीसाठी आयता पुरावा.

पायरी तिसरी: परवानगी

दत्तक आईवडील आणि स्वतः मूल थेट अर्ज करू शकतात. बाकी सगळ्यांना, जन्मदात्या आईलासुद्धा, आधी अर्ज करण्याची परवानगी मागावी लागते. हे ऐकल्यावर लोक दुखावतात. "आईला परवानगी?" हो, आईलाही. कायद्याच्या नजरेत हुकमानंतर ती आई राहिलेली नसते, हे सत्य कितीही बोचलं तरी अर्जाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

हुकमात नाव कोणाचं येऊ शकतं याचं वर्तुळ मात्र मोठं आहे. दत्तक झालं नसतं तर जो रक्ताने किंवा लग्नाने मुलाचा नातेवाईक ठरला असता तो, म्हणजे सख्खी किंवा सावत्र भावंडं, आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका. दत्तकाच्या आधी ज्यांच्याकडे पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी होती ते. आणि ज्याच्याकडे मूल किमान एक वर्ष राहिलं असा माणूस, मात्र ते वर्ष अर्जाच्या आधी पाच वर्षांपेक्षा जुन्या काळात सुरू झालेलं नसावं.

परवानगी देताना कोर्टाने तीन गोष्टी पाहायच्या असं कायद्यातच लिहिलं आहे: तुमच्या अर्जामुळे मुलाचं आयुष्य इतकं विस्कटेल का की त्याला इजा होईल, तुमचं मुलाशी नातं काय, आणि मुलाचं किंवा दत्तक आईवडिलांचं म्हणणं काय. तुमचं निवेदन याच तीन गोष्टींभोवती लिहा, याच क्रमाने.

पहिल्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त मजकूर द्या. तिथेच प्रकरणं हरतात. तुम्ही काय मागताय ते छोटं आणि मोजता येईल असं सांगा: "वर्षातून एकदा, दीड तास, संस्थेच्या कार्यालयात, सोशल वर्करच्या उपस्थितीत." नुसतं "नातवाला भेटायचंय" म्हणाल तर न्यायाधीशांपुढे चित्रच उभं राहत नाही आणि दत्तक आईवडिलांच्या मनात सगळ्यात वाईट चित्र उभं राहतं. भेटीत मुलाशी कोणत्या नावाने बोलणार, दत्तक आईवडिलांना काय म्हणणार, मूल घाबरलं तर काय करणार, हे लिहा. मुलाच्या आईला व्यसन होतं किंवा घरात मारहाण होती आणि तुमचा तिच्याशी संबंध असेल, तर ती भेटीच्या ठिकाणी येणार नाही याची खात्री कशी देणार, तेही लिहा. लपवलंत तर कौन्सिलच्या फाइलीतून ते येणारच.

दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे नात्यावर, मराठी माणसाचा हात आखडतो. आपण "आजी आहे, आणखी काय सांगायचं?" म्हणून थांबतो. सांगा. मूल किती महिन्यांचं असल्यापासून तुमच्याकडे होतं, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या अंगाईने झोपायचं, पहिला दात कधी आला, शेवटची भेट कधी आणि कशी झाली. सख्खं भावंड अजून तुमच्याजवळ असेल तर ते नक्की लिहा. माझ्या अनुभवात भावंडांच्या नात्याकडे कोर्ट फार गंभीरपणे पाहतं.

तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही फारसं काही करू शकत नाही, कारण ते दुसऱ्यांचं म्हणणं आहे. पण दत्तक आईवडिलांनी मुलाला दिलेल्या आयुष्याबद्दल एक मनापासूनचं वाक्य लिहा. त्यांनाही ही कागदपत्रं वाचायची असतात.

भाषा आणि संस्कृतीचा मुद्दा कसा मांडायचा? २०१४पर्यंत दत्तकसंस्थांनी मूल ठेवताना त्याचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार करावा असं कायद्यात वेगळं कलम होतं. इंग्लंडपुरतं ते काढून टाकलं गेलं, वेल्समध्ये ते राहिलं. पण मुलाच्या हिताची जी यादी कोर्टाने पाहायची त्यात मुलाची पार्श्वभूमी आणि मूळ कुटुंबातून बाहेर पडल्याचा त्याच्यावर आयुष्यभर होणारा परिणाम, हे अजून आहेत. म्हणून "आमची संस्कृती टिकली पाहिजे" असं न लिहिता, "मूल मोठं झाल्यावर विचारेल की माझं मराठी नाव का होतं, त्या दिवशी उत्तर देणारं कोणीतरी ओळखीचं असावं" असं लिहा.

निवेदन मराठीत लिहा

हा भाग मी वेगळा काढते, कारण इथे मी बरीच नुकसानं पाहिली. ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेलं असावं आणि मग त्याचं भाषांतर जोडावं, असा नियम आहे. आपल्याकडे मात्र पुतण्या आजीला विचारतो, मग स्वतःच्या इंग्रजीत झकास पान तयार करतो आणि आजी खाली सही करतात. सुनावणीत वाक्य वाचून दाखवलं की आजी म्हणतात, "मी असं कुठे म्हटलं?" त्या क्षणी सगळं निवेदन संशयास्पद होतं, आणि खोटं विधान केलं तर ते कोर्टाची बेअदबी ठरू शकतं असा इशारा निवेदनाखाली छापलेला असतो.

आजींना त्यांच्या शब्दांत बोलू द्या. देवनागरीत लिहा, सही घ्या, मग व्यावसायिक भाषांतरकाराकडून इंग्रजी करून घ्या, त्याच्या सहीसह. याचा खर्च बहुधा तुमच्याकडेच येतो, पण तो वाचवू नका.

सुनावणीसाठी दुभाषी कोर्टाकडून मिळतो. कोर्टाला लेखी, शक्य तितक्या आधी कळवा आणि "मराठी" हा शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीचा दुभाषी येऊन बसायचा. घरच्या माणसाला दुभाषी म्हणून पुढे करू नका.

पायरी चौथी: फॉर्म, फी, दाखल करणं

परवानगीसाठी एफपी२ हा अर्ज वापरला जातो. त्यासोबत तुमचं निवेदन आणि परवानगी मिळाली तर कोणता हुकूम मागणार त्याचा मसुदा लावा. कोणत्या कोर्टात? दत्तकाचा हुकूम ज्या फॅमिली कोर्टाने दिला त्या कार्यालयाला आधी विचारा. ते कोर्ट माहीत नसेल तर दत्तकसंस्थेला विचारा.

फीची रक्कम अधूनमधून बदलते, भरण्याच्या दिवशी गव्ह.यूके या सरकारी संकेतस्थळावर बघा. उत्पन्न कमी असेल तर ईएक्स१६० फॉर्म भरून सूट मागता येते. कायदेशीर मदत मिळेल की नाही हे उत्पन्नावर आणि प्रकरणाच्या बळावर ठरतं, सॉलिसिटरच्या पहिल्याच भेटीत विचारा. फॅमिली राइट्स ग्रुपची मोफत सल्लावाहिनी आणि पॅक-यूके या संस्था जन्मदात्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना मार्गदर्शन करतात. तिथल्या बाईंशी बोलताना मला स्वतःलाही धीर आला आहे.

दत्तक आईवडिलांचं नाव-पत्ता तुम्हाला माहीत नसतो आणि शोधायचाही नसतो. त्यांच्यापर्यंत कागद कोर्ट किंवा संस्था पोचवते. चुकून पत्ता कळला असेल तर अर्जात लिहू नका, कोणाला सांगू नका.

आणि ही फाइल घराबाहेर जाऊ देऊ नका. मुलांच्या फॅमिली कोर्टातल्या प्रकरणांची कागदपत्रं परवानगीशिवाय प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा किंवा बेअदबी ठरू शकतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोर्टाच्या पत्राचा फोटो टाकून "कोणी चांगला वकील सांगा" विचारणं यातच येतं. वकील विचारा, कागद दाखवू नका.

पायरी पाचवी: सुनावणी

पहिली सुनावणी परवानगीपुरती, बहुधा छोटी. दत्तक आईवडील खोलीत नसतीलही, त्यांचं म्हणणं लेखी किंवा वकिलामार्फत येतं. वकील नसेल तर एका मदतनिसाला, ज्याला इथे मॅकेंझी फ्रेंड म्हणतात, शेजारी बसवायची विनंती करता येते. तो नोंदी घेतो, कानात सांगतो, पण तुमच्या वतीने बोलत नाही. मी बऱ्याचदा तेच केलंय. पाण्याची बाटली आणि रुमाल, एवढंच खरं काम.

न्यायाधीश थेट विचारतील: आता का? याआधी का नाही? मुलाला यातून काय मिळेल? उत्तर तीन-चार वाक्यांचं ठेवा. कौन्सिलने तुमच्यावर अन्याय केला असं तुम्हाला वाटत असेल, तर ती कहाणी इथे सांगू नका. दत्तकाचा निकाल इथे पुन्हा उघडला जात नाही. मी शेजारी बसलेली असताना एका बाबांनी पहिली दहा मिनिटं त्यातच घालवली. मुलाबद्दल बोलायला मग वेळच उरला नाही.

परवानगी मिळाली तर पुढची तारीख पडते. मुलाचं म्हणणं आणि हित पाहण्यासाठी कॅफकॅसचा (फॅमिली कोर्टाला मुलांबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेचा), वेल्समध्ये कॅफकॅस सिमरूचा, अधिकारी नेमला जाऊ शकतो. तो तुम्हालाही भेटेल. घर झाडून-पुसून ठेवा, पण त्याच्यासमोर पोपटपंची नको.

खरं चित्र

दत्तक आईवडिलांचा विरोध असताना कोर्टाने भेटीचा हुकूम लादणं अत्यंत विरळ आहे. २०१९ साली अपील न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केलं की कलम ५१ए आल्यानंतरही ही भूमिका बदललेली नाही. त्याच वेळी वारं थोडं फिरतंय. हायकोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनचे, म्हणजे कौटुंबिक विभागाचे, अध्यक्ष असताना सर अँड्र्यू मॅकफार्लेन यांनी २०२३ आणि २०२४च्या भाषणांत, दत्तकानंतरचा संपर्क मुलागणिक वेगळा विचार करून ठरवावा, असा आग्रह धरला. नोव्हेंबर २०२४मध्ये पब्लिक लॉ वर्किंग ग्रुप या फॅमिली कोर्टांसाठी शिफारशी करणाऱ्या गटाच्या अहवालानेही ठरावीक लेटरबॉक्सवर विसंबून राहण्याला हरकत घेतली. या बदलाचा सगळ्यात जास्त उपयोग प्लेसमेंट ऑर्डरच्या टप्प्यावर आहे, हुकूम होऊन गेलेल्यांना कमी. म्हणून माझं मत: दत्तक आईवडिलांचा ठाम नकार असेल तर आधी वर्षभर संस्थेमार्फत विश्वास कमवा, मग अर्ज करा. घाईत हरलेला अर्ज पुढच्या अर्जालाही जड जातो.

हुकूम झाला तर तो मूल १८ वर्षांचं होईपर्यंत चालतो. मधे परिस्थिती बदलली तर तो बदलून किंवा रद्द करून मागता येतो, तुम्हालाही आणि दत्तक आईवडिलांनाही. मूल दहा वर्षांचं झाल्यावर "मला यावर्षी यायचं नाही" म्हणालं, तर त्याचं ऐका.

नकार आला तर

अपिलाची मुदत पुन्हा सर्वसाधारणपणे २१ दिवसांची, त्यामुळे निकाल हातात पडल्याच्या आठवड्यात सल्ला घ्या. पण त्याच आठवड्यात आणखी एक काम करा. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसकडे १९९१पासून ॲडॉप्शन कॉन्टॅक्ट रजिस्टर आहे. दत्तक गेलेली व्यक्ती १८ वर्षांची झाली की एका भागात आपलं नाव नोंदवू शकते, दुसऱ्या भागात नातेवाईक नोंदवतात. दोघांची नावं जुळली तर तुमचा पत्ता तिला कळवला जातो. नातेवाइकांसाठी फी ३० पौंड आहे. मुलाची जन्मतारीख आणि जन्माच्या वेळचं नाव अचूक भरा, दाखल्यावर जसं स्पेलिंग आहे तसंच. घर बदललं की रजिस्टरलाही कळवा. लेस्टरच्या आजींनी आपलं नाव नोंदवलं आहे. नातू १८चा व्हायला अजून नऊ वर्षं आहेत, आणि अर्जावर त्यांनी स्वतःच्या पत्त्यासोबत धाकट्या मुलाचाही पत्ता दिला आहे.